पदवीपूर्वी एक तरी वस्तू

इंजिनियरिंगच्या प्रवेशाच्या याद्या लागण्याचा हंगाम आला म्हणजे आमच्या शहरांतील सुशिक्षित घरांत जी धामधूम उडते, ती लग्नसराईसही मागे टाकील अशी असते. कोणते कॉलेज मिळाले, कोणती शाखा मिळाली, फी किती आणि पुढे नोकरी किती रुपयांची, या चार प्रश्नांचा निकाल लागला की पालक आणि पाल्य दोघेही गंगेत घोडे न्हाले असे मानून स्वस्थ होतात. पाचवा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो असा की, हा मुलगा किंवा ही मुलगी पहिल्या वर्षात काय करणार? काय शिकणार, असे आम्ही विचारीत नाही. त्याचे उत्तर विद्यापीठाच्या छापील पत्रकात सापडते. काय करणार, असे विचारतो. चार वर्षांनी ज्यास आपण इंजिनियर म्हणणार, त्याने पहिल्याच वर्षी स्वतःच्या डोक्याने योजून आणि स्वतःच्या हाताने घडवून एक तरी वस्तू, मग ती कितीही ओबडधोबड असो, दुसऱ्या कोणा माणसाच्या उपयोगास आणून दिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

यावर कोणी तत्काळ म्हणेल की, कॉलेजात 'वर्कशॉप' नावाचा विषय आहेच की! आहे खरा. सुतारकाम, फिटिंग, वेल्डिंग, पत्राकाम अशी त्याची प्रकरणे असतात. विद्यार्थी लोखंडाच्या तुकड्यास कानस मारतात आणि दोन तुकडे एकमेकांत बसवून दाखवितात. या कामास आम्ही मुळीच नावे ठेवीत नाही. कानशीवर दाब कोठे द्यावा, रंधा लाकडात कोठे अडकतो, गुण्या लावल्यावर कोपऱ्यातून उजेड दिसला तर चूक कोठे झाली, हे ज्याच्या बोटांस कळले नाही त्याचे पुस्तकी ज्ञान लंगडे राहते. परंतु या 'जॉब'चा नकाशा आधीच भिंतीवर टांगलेला असतो. मापे ठरलेली, धातू ठरलेला, हत्यार ठरलेले, आणि मागल्या कित्येक वर्षांच्या विद्यार्थ्यांनी नेमका हाच तुकडा कापलेला असतो. विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे असे त्यात काहीच उरत नाही. म्हणूनच कित्येक ठिकाणी तयार जॉब पैसे देऊन बाहेरून आणण्याची आणि मागल्या वर्षीच्या फायलीवरून फाइल उतरविण्याची चाल पडून गेली आहे. उत्तर जेथे आधीच ठाऊक आहे, तेथे ते विकत घेण्यात मुलांस पाप वाटत नाही.

आम्ही ज्याविषयी लिहीत आहो तो अभ्यासक्रम याहून अगदी निराळा. त्यात नकाशा देत नाहीत, अडचण देतात. समजा, एक आजीबाई आहेत. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला आहे. त्यांस एका हाताने भाजी चिरता आली पाहिजे. एवढेच सांगावयाचे आणि बाकीचे विद्यार्थ्यांवर सोडावयाचे. चार-पाच जणांची टोळी आजीबाईंकडे जाते, त्यांचे स्वयंपाकघर पाहते, ओट्याची उंची मोजते, परत येऊन कागदावर दहा कल्पना काढते, आणि त्यांपैकी दोन पुठ्ठ्यात व फळकुटांत उभ्या करते. ते खेळणे घेऊन मंडळी पुन्हा आजीबाईंकडे जातात, आणि कांदा पाटावरून घसरून जमिनीवर गडगडत जातो. येथे खरे शिक्षण सुरू होते. पाटावर खिळे कोठे ठोकावे म्हणजे कांदा रुतून राहील, ते खिळे पाट धुताना बोटांस लागतील त्याची वाट काय, पाट सरकू नये म्हणून खाली रबर लावले तर ते ओल्या ओट्यावर टिकेल काय, लोखंड गंजेल त्याऐवजी काय घ्यावे, आणि एवढे सगळे करून किंमत किती पडली, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. आणि त्यांतला एकही प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या मागल्या पानावर उत्तरासह छापलेला नसतो.

हा भाग आमच्याकडे मुळातच का वगळला गेला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १८४७ साली रुडकीचे कॉलेज निघाले ते गंगेच्या कालव्यावर माणसे हवी होती म्हणून. १८५४ साली पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग उघडला तोही सरकारी बांधकामांवर हाताखालचे अंमलदार पाहिजे होते म्हणून. धरण कोठे बांधावे, पूल कोणत्या जातीचा असावा, हे ठरविणारा साहेब विलायतेहून शिकून यावयाचा. त्याने काढलेल्या नकाशाबरहुकूम काम करून घेणारा, मापे टिपणारा, मजुरांवर देखरेख ठेवणारा तेवढा येथे तयार करावयाचा. योजना वर आणि अंमलबजावणी खाली, अशी ही वाटणी होती, आणि शिक्षणही त्याच मापाने बेतले गेले. याच पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडझाप होणारी दारे बसविली, हे उदाहरण कोणी पुढे करील. करावेच, परंतु ती त्या पुरुषाची करामत होय, अभ्यासक्रमाची नव्हे.

आता सारे खापर इंग्रजांच्या माथी फोडून मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. लिहिणाऱ्याने घडवावयाचे नाही आणि घडविणाऱ्याने लिहावयाचे नाही, हा बंदोबस्त आम्ही इंग्रज येण्यापूर्वीच करून ठेवला होता. सुतार, लोहार, तांबट, कोष्टी यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेली विद्या शाळेच्या उंबरठ्याबाहेर उभी राहिली, आणि शाळेत बसलेल्या मुलांस हाताला काळे लागणे हा कमीपणा वाटू लागला. इंग्रजांनी केलेला वरचा-खालचा भेद आमच्या अंगवळणी इतक्या लवकर पडला, कारण अंगरखा आधीच त्या मापाचा शिवून तयार होता. त्यास छेद देणारे लोकही झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले आणि धंदेशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथून बेळगावास आले, सायकली विकल्या, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे पहिले नांगर कितीतरी दिवस पडून राहिले. नांगर घडविणे ही अर्धी विद्या झाली. ज्याने तो चालवावयाचा त्याच्या मनातली भीती ओळखणे ही उरलेली अर्धी. हा दुसरा अर्धा भाग हल्लीच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत येतो, हे आम्हांस कोणी सांगेल काय?

पाश्चात्य देशांत सारे आलबेल होते, असेही कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात रडारसारखी मोठमोठी कामे करण्यात पदार्थविज्ञानाचे पंडित पुढे राहिले आणि इंजिनियर मागे पडले, असे अमेरिकेतील इंजिनियरिंग-शिक्षकांस दिसून आले. त्यांच्या संस्थेने नेमलेल्या ग्रिंटर कमिटीचा अहवाल १९५५ साली बाहेर पडला, आणि त्यानंतर तेथील कॉलेजांत गणित व विज्ञान वाढले, ड्रॉइंग व वर्कशॉप आकसले. कमिटीचे निदान चुकीचे होते असे नाही. परंतु औषधाची मात्रा अशी काही वाढली की, समीकरण सोडविण्यात पटाईत पण प्रत्यक्ष वस्तू समोर आली म्हणजे बावरणारा पदवीधर निघू लागला. मौज अशी की, नेमक्या याच काळात स्वतंत्र भारताच्या आय. आय. टी. उभ्या राहत होत्या. खरगपूरची १९५१ साली, मुंबईची १९५८ साली, मद्रास व कानपूर येथील १९५९ साली. कानपूरला तर अमेरिकन विद्यापीठांचेच साहाय्य होते. जी हवा तिकडे वाहत होती ती इकडेही आली, आणि पुढे प्रांतोप्रांतीच्या कॉलेजांनी तिचे अनुकरण केले. फरक इतकाच की, त्यांनी विज्ञानाची खोली न घेता फक्त वर्कशॉपविषयीची अनास्था घेतली.

अमेरिकेस आपली चूक उमगण्यास फार वर्षे लागली नाहीत. केंब्रिज गावच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७०च्या दशकात वुडी फ्लॉवर्स नावाचे एक तरुण अध्यापक यंत्रांच्या रचनेचा प्रारंभीचा अभ्यासक्रम शिकवू लागले. प्रत्येक विद्यार्थ्यास सारख्याच सटरफटर सामानाचे एक गाठोडे द्यावयाचे. त्यात स्प्रिंगा, पट्ट्या, पत्र्याचे तुकडे, लहानशा मोटारी असे काहीबाही. आणि तेवढ्याच सामानातून नेमून दिलेले काम करणारे यंत्र सत्र संपण्यापूर्वी तयार करावयास सांगावयाचे. शेवटी भर सभागृहात दोन-दोन यंत्रांचा सामना होई, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा आमच्याकडच्या कुस्तीच्या फडास शोभेल असा असे. अमेरिकन टेलिव्हिजनवरही ते सामने दाखविले गेले. गंमतीचा भाग सोडला तरी यातले एक तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. सामान सर्वांस सारखे. श्रीमंताच्या मुलाने बाजारातून भारी मोटार आणावयाची सोय नाही. तेव्हा दोन यंत्रांत जो फरक पडला तो डोक्याचा आणि हाताचा. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे यंत्र अडले तर त्यास आपले हत्यार द्यावे, युक्ती सांगावी, हे फ्लॉवर्सांनी तेथे रुजविले. डीन केमन यांनी १९८९ साली स्थापिलेल्या संस्थेने १९९२पासून शाळकरी मुलांचे जे यंत्रमानवांचे सामने सुरू केले, त्यांच्या मुळाशी हाच अभ्यासक्रम होता. फ्लॉवर्स २०१९ साली वारले. अभ्यासक्रम निराळ्या क्रमांकाने पुढे चालू राहिला.

तथापि सामना म्हटला की जिंकण्याकडे लक्ष जाते, आणि जे यंत्र फक्त जिंकण्यासाठी झाले ते दुसऱ्या दिवशी कोणाच्याच कामाचे नसते. म्हणून आम्हांस याहून अधिक पसंत पडतो तो शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा प्रघात. तेथे १९९०च्या दशकात असा अभ्यासक्रम बसविण्यात आला की, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो घेतलाच पाहिजे. अडचणी खऱ्या, माणसे खरी. त्यांत शिकागोच्या पुनर्वसन रुग्णालयातील रुग्ण आणि त्यांस व्यायाम शिकविणारे लोकही असतात. आमच्या आजीबाईंसारखीच उदाहरणे म्हणावयाची. आणि दुसरी गोष्ट अशी की, हा वर्ग एकटा इंजिनियर शिकवीत नाही. त्याच्या जोडीला लेखन शिकविणारा अध्यापक बसतो. आमच्या कॉलेजांतल्या मंडळींस हे ऐकून हसू येईल. इंजिनियरिंगमध्ये निबंधाचे काय काम? पण आम्ही वकिलीच्या धंद्यातले लोक हे चांगले जाणतो. वादपत्र लिहावयास बसले म्हणजे कळते की, पक्षकाराची तक्रार नेमकी काय, ती केव्हा आणि कशामुळे उत्पन्न झाली आणि तो कोर्टाकडे मागतो काय, हे आपणांस कळलेच नव्हते. लिहिता लिहिता दावा स्पष्ट होतो. कित्येकदा दावाच नाही हेही स्पष्ट होते. वस्तूचेही तसेच. 'आम्ही हे केले, ते मोडले, या कारणाने मोडले, म्हणून असे बदलले' अशी चार प्रामाणिक वाक्ये ज्यास लिहिता येतात त्याने विचार केला आहे. आणि मागल्या वर्षीच्या फायलीवरून ही वाक्ये उतरविता येत नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठात अशाच पहिल्या वर्षाच्या प्रकल्पवर्गाचा पुढे हिशेब घेतला तेव्हा, तो वर्ग केलेले विद्यार्थी इंजिनियरिंग मध्येच सोडून जाण्याचे प्रमाण कमी आढळले, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशची कौतुके झाली. तर जयपूरकडे पाहावे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात पाय गमावलेल्या लोकांस विलायती धर्तीचे कृत्रिम पाय मिळत. पण ते घालून मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना, अनवाणी शेतात उतरता येईना. पाय शास्त्रशुद्ध होता, माणूस मात्र आमच्याकडचा होता. १९६८च्या सुमारास डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि फारसे शाळेत न गेलेले कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी मिळून रबराचा जो पाय घडविला तो पुढे 'जयपूर फूट' म्हणून जगभर गेला. टायरला रबर चढविण्याचे काम पाहून रामचंद्रांस ही युक्ती सुचली असे सांगतात. १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक डॉक्टरांस मिळाले. कारागिराचे नाव आमच्या किती वाचकांस ठाऊक होते, हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी पाहावे. आणि आमच्याच पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉक्टर श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शहरातील बड्या कारखान्याच्या संशोधनखात्यातली जागा सोडून हा गृहस्थ दुष्काळी गावी येऊन राहिला आणि खेड्यातल्या मुलांस वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, माती-पाण्याची तपासणी, बांधकाम हे सारे गावाची खरी कामे करीत करीत शिकवू लागला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी बसविलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्याच्या परीक्षा मंडळाने मान्य केला, आणि २००२ साली केंब्रिजच्या त्याच संस्थेने आपल्या देशाबाहेरची पहिली 'फॅब लॅब' उभारली ती या पाबळास. कालबाग २००३ साली गेले. तेव्हा प्रश्न असा की, पाबळच्या आठवीतल्या मुलास जे जमते ते पुण्या-मुंबईच्या पदवीच्या विद्यार्थ्यास अवघड का वाटावे?

ते विद्यार्थ्यास अवघड नाही. शिक्षकास अवघड आहे. आमच्या मते सर्व गुंता येथे आहे. आमच्याकडे गुरू म्हणजे ज्यास उत्तर ठाऊक आहे तो. फळ्यावर उदाहरण मांडावयाचे, उत्तर आपल्या वहीत आधीच लिहिलेले, आणि विद्यार्थ्याचे उत्तर त्याशी जुळले की गुण. रचनेच्या वर्गात मात्र आजीबाईंचा पाट कसा असावा हे गुरूसही ठाऊक नसते. दहा टोळ्या दहा पाट आणतील. त्यांतले तीन चालतील, आणि त्या तिघांत अधिक चांगला कोणता यावर दोन शहाण्या माणसांचे मत जुळणार नाही. अशा वेळी 'मला ठाऊक नाही, करून पाहू' हे शब्द भर वर्गात उच्चारण्याचे धैर्य अध्यापकास हवे. जो अध्यापक स्वतः शाळेपासून पीएच. डी.पर्यंत ठाऊक उत्तरांच्या जोरावर चढत आला, त्यास हे धैर्य एका परिपत्रकाने येणार नाही. त्यास स्वतःस एक सत्र विद्यार्थी होऊन एखादी वस्तू घडवावी लागेल, ती मोडलेली पाहावी लागेल. विद्यापीठे अध्यापकांसाठी ज्या उजळणीच्या शिबिरांवर खर्च करतात, त्यांतले एक तरी असे असावे.

'पहिल्या वर्षाच्या मुलांस धड गणित येत नाही, ती रचना काय करणार?' असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पुठ्ठ्याच्या अंदाजाने पूल बांधता येत नाही, आणि हिशेबाशिवाय केलेली रचना माणसांच्या जिवावर बेतते; रचनेचा वर्ग हा गणिताची जागा घेण्यासाठी आहे असे जो म्हणेल त्यास आम्ही पहिला विरोध करू. पण ज्या मुलाने स्वतः ठोकलेली फळी वजनाखाली वाकलेली पाहिली आहे, तो दुसऱ्या वर्षी तुळईच्या वाकण्याचे समीकरण फळ्यावर आले म्हणजे मान वर करून पाहील. त्यास ते समीकरण हवे असते. ज्याने फळी कधी पाहिलीच नाही तो ते पाठ करील आणि विसरेल.

गुणांचा प्रश्न याहून बिकट आहे. पाच जणांच्या टोळीत एक राबतो आणि चार जण त्याच्या पुण्यावर पास होतात, ही तक्रार खरी असते. आमची सूचना अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने तारीखवार रोजनिशी ठेवावी. त्यात फसलेल्या गोष्टी लिहिल्या नसतील तर गुण कापावे. आणि तोंडी परीक्षेत वस्तू समोर ठेवून, 'हे भोक येथेच का पाडले?' असे कोणा एकास अचानक विचारावे. उलटतपासणीपुढे उसने घेतलेले ज्ञान फार वेळ टिकत नाही, हा आमच्या धंद्याचा अनुभव आहे.

खर्चाची ओरड तर आम्हांस ऐकावीशीही वाटत नाही. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नमुन्याचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, एकंदर भार १६० क्रेडिटांवर आणला, आरंभी तीन आठवड्यांचा परिचयवर्ग ठेवला. पुढे निवडक कॉलेजांस 'आयडिया लॅब'साठी पैसाही देऊ केला. मुंबईच्या आय. आय. टी.ने पहिल्या वर्षास 'मेकरस्पेस' नावाचा वर्ग घातला आहे. वाट मोकळी झाली आहे, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र महागडे यंत्र आणावयाचे आणि ते नासेल म्हणून खोलीस कुलूप लावावयाचे, ही आमची जुनी खोड येथे आड येऊ नये. पुठ्ठा, प्लायवूड, करवत, ड्रिल आणि उघडी खोली एवढ्यावर पहिले सत्र उत्तम निघते.

दुसरा एक धोका याहून सूक्ष्म आहे. नव्या गोष्टीची जत्रा करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवावयाच्या, 'डिझाइन थिंकिंग' हा मंत्र दहा वेळा म्हणावयाचा, बाजारातून तयार संच आणून काळ्या रेघेवरून धावणारी गाडी किंवा हात पुढे करताच उघडणारी कचरापेटी दाखवावयाची, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापावयाची आणि वर्तमानपत्रात छायाचित्र द्यावयाचे. ती कचरापेटी कोणी मागितली होती काय, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्ही वर्तमानपत्रवालेही छायाचित्र छापून मोकळे होतो.

हा वर्ग नीट चालावयाचा तर प्राध्यापकाच्या शेजारी मिस्त्री उभा पाहिजे. हाताखालचा म्हणून नव्हे, बरोबरीचा शिक्षक म्हणून. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या एखाद्या लहान शेडमध्ये तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस आवाजावरून सांगतो की हत्यार बोथट झाले आहे. त्यास कॉलेजात मानाची खुर्ची मिळत नाही, कारण त्याच्यापाशी पदवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची नियमावली काढली. तीत पंधरा वर्षांचा अनुभव मागितला आहे आणि औपचारिक पदवीची अट शिथिल केली आहे. नियमात अनुभव शक्यतो वरच्या दर्जाच्या पदावरचा असावा असेही म्हटले आहे, आणि तेवढ्या शब्दांच्या आधारे हे पद बड्या कंपन्यांच्या निवृत्त अधिकाऱ्यांची मिरास होऊन बसण्याचा संभव आहे. कायद्याचा अर्थ त्याच्या हेतूवरून लावावा असे आम्ही शिकलो आहो. तीस वर्षे लेथवर काम केलेल्या मिस्त्रीचा दर्जा वरचा नव्हे, असे म्हणणाऱ्या कुलगुरूंनी आपले कारण लेखी द्यावे.

आता आमच्या व्यापारी वाचकांकडे वळतो. कॉलेजास देणगी देऊन इमारतीवर वडिलांचे नाव घालण्याची आमच्याकडे जुनी आणि चांगली रीत आहे. या वर्षी आम्ही त्यांच्याकडे पैसे मागत नाही, अडचणी मागतो. लासलगावच्या चाळीत साठविलेल्या कांद्यात मधला थर सडू लागला तर सारी चाळ न उपसता तो ओळखावा कसा? म्हाताऱ्या दुकानदारास सकाळी शटर वर ढकलवत नाही, त्यास काय करावे? पन्नास किलोचे पोते ट्रकवरून उतरवून तीन पायऱ्या चढून गोदामात नेणाऱ्या हमालाची मान आणि कंबर वयाच्या पंचेचाळिशीतच जाते. १९६९च्या माथाडी कायद्याने त्याच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची सोय लावली. त्याच्या पाठीची सोय कोणत्या कलमाखाली लावावयाची? हे प्रश्न मार्केट यार्डात रोज डोळ्यांसमोर घडतात, आणि तेथून दोन-चार मैलांवरच्या कॉलेजात काळ्या रेघेवरून गाडी धावत असते.

व्यापारी संघांनी आपापल्या गावच्या प्राचार्यांकडे असे आठ-दहा प्रश्न लेखी पाठवावे, आणि मुले विचारपूस करण्यास आली म्हणजे त्यांस दारातून परत लावू नये. प्रश्न द्यावा, उत्तर सांगू नये, कारण तुमच्या मनातले उत्तर कदाचित वीस वर्षे जुने असेल. मुलांनी काही आणून दाखविले तर ते कौतुकाने कपाटावर न ठेवता दुसऱ्या दिवशी कामावर वापरून पाहावे, आणि मोडले तर मोडले असे स्पष्ट सांगावे. सत्राच्या शेवटी वस्तूंची परीक्षा होईल तेव्हा परीक्षकांत प्राध्यापक आणि मिस्त्री यांच्याबरोबर ज्याच्यासाठी ती वस्तू झाली तो माणूसही बसला पाहिजे. हमालास परीक्षक म्हणून बोलावताना त्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही, एवढी तजवीज व्यापारी मंडळींनी करावी.